कथेची गती आणि स्पर्धेची घाई

(वाचनालयाच्या शताब्दी वर्षानिमित्त घेतलेल्या कथालेखन स्पर्धेच्या पारितोषिक वितरण समारंभात दिलेले व्याख्यान)



परीक्षकाला निकालानंतर व्यासपीठावर उभे करून बोलायला लावणे, ही आपल्या मराठी संस्थांची जुनी रीत आहे. निकाल लागेपर्यंत सर्वजण त्याला मान देतात. निकाल लागल्यावर त्याला भाषणाला उभे करतात, म्हणजे ज्यांना बक्षीस मिळाले नाही त्यांना त्याचा चेहरा नीट पाहून ठेवता येतो. मी या शिक्षेला तयार होऊनच आलो आहे.

निकालाचे समर्थन मात्र मी करणार नाही. गेला महिनाभर आपल्या कथांचा गठ्ठा माझ्या टेबलावर होता. त्या वाचताना जे मनात आले, तेच थोडे सांगावे असा विचार आहे. प्रथम आनंदाची गोष्ट सांगतो. हैदराबादेत तीन-तीन, चार-चार पिढ्या काढलेल्या, घराबाहेर पडले की तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्या माणसांनी इतकी स्वच्छ मराठी लिहावी, याचे मला अप्रूप वाटले. विषयांचाही तोटा नव्हता. शालीबंड्यातला वाडा विकायची वेळ, परदेशी स्थायिक झालेला मुलगा, मराठी शाळेतून निवृत्त होणाऱ्या बाई. सारे आपल्या अनुभवातले होते. खटकली ती एकच गोष्ट. बहुतेक कथा धावत होत्या. पहिल्या ओळीत फोन वाजतो, तिसऱ्या ओळीत कोणीतरी इस्पितळात असते, पहिले पान संपण्याच्या आत पूर्वायुष्य उलगडते आणि शेवटच्या चार ओळींत धक्का बसतो. एक वाचली तर वाटते, जमली आहे. ओळीने दहा वाचल्या की रात्री झोपेतही फोन वाजू लागतो.

कथेची गती हा आपल्याकडे फारसा चर्चिला न जाणारा विषय आहे. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली यांवर आम्ही प्राध्यापक मंडळी वर्षानुवर्षे प्रश्न काढीत आलो. गतीवर प्रश्न निघाल्याचे मला स्मरत नाही. कथेतल्या घटनांना जितका काळ लागतो, त्याला लेखकाने कागदावर किती जागा दिली, हे प्रमाण म्हणजे गती, असे मी ढोबळपणे म्हणेन. वीस वर्षे एका वाक्यात जातात आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘आत ये’ म्हणावे की नाही, या अर्ध्या मिनिटाला दोन पाने लागतात. लेखकाची खरी निवड इथे असते. तो कोठे रेंगाळला, यावरून त्याला काय महत्त्वाचे वाटते ते वाचकाला कळते. तसे तोंडाने सांगण्याची गरजच उरत नाही.

यासाठी मराठीने आपल्या हाती जी साधने दिली आहेत, त्यांच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. ‘तो आला, ओट्यावर बसला, चहा प्याला’ हा साधा भूतकाळ झाला. प्रत्येक क्रियापदाबरोबर कथा एक पाऊल पुढे जाते. ‘तो चहा पीत होता, बाहेर पाऊस पडत होता’ असे म्हटले की कथा उभी राहते, आजूबाजूला पाहू लागते. आणि ‘तो रोज संध्याकाळी येई, ओट्यावर बसे, चहा घेई’ या रीतिभूतकाळात दहा वर्षांचा शेजार एका ओळीत मावतो. आता याच्यापुढे फक्त एवढेच लिहा: ‘त्या मंगळवारी तो आला नाही.’ क्रियापदाचे रूप बदलले आणि वाचक सावरून बसला. इथे ‘अचानक’ लागत नाही, ‘तेवढ्यात’ही लागत नाही. आपल्या स्पर्धेतल्या एका कथेत मी ‘अचानक’ हा शब्द मोजला. तो १४ वेळा आला होता. ‘येई, बसे, घेई’ ही रूपे मात्र साऱ्या गठ्ठ्यात मला दोन-तीनच कथांत आढळली. ती बोलण्यातून गेली हे खरे. त्यांची जागा ‘यायचा, बसायचा’ने घेतली आणि तीही तेच काम करतात. पण आपल्या नव्या लेखकांना सवयीचा, रोजचा, संथ काळ लिहिण्याचीच निकड वाटेनाशी झाली आहे की काय, अशी मला शंका येते. तो काळ नसेल, तर त्यात पडणारा खंड वाचकाला जाणवणार कसा?

आपल्यापैकी ज्येष्ठांनी व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांचे कथाकथन ऐकले असेल. मिरासदारांची ‘माझ्या बापाची पेंड’ किंवा ‘व्यंकूची शिकवणी’ छापील वाचणे वेगळे आणि त्यांच्या तोंडून ऐकणे वेगळे. हसू कोठे येणार हे ठाऊक असूनही त्याच्या आधीचे ते क्षणभराचे थांबणे श्रोत्याला अगदी असह्य होई. लिहिणाऱ्याने ते थांबणे कागदावर आणायचे असते, आणि तेही स्वल्पविरामांची किंवा टिंबांची रांग न लावता. टिंबांच्या रांगांचे तर आपल्या कथांत अमाप पीक आले होते. त्याविषयी अधिक बोलत नाही.

ही घाई येते कोठून? काही अंशी ती जुनीच आहे. ना. सी. फडक्यांनी आकर्षक प्रारंभ, वाढती उत्कंठा आणि परिणामकारक शेवट यांचे जे तंत्र मराठीत रुजवले, ते त्यांच्या हाती सफाईने चाले. पुढे त्याची कृती झाली, पाकपुस्तकातल्यासारखी. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर या नवकथाकारांनी ती चौकट मोडली, असे आम्ही वर्गात शिकवतो. पण स्पर्धेची जाहिरात निघाली की चौकट पुन्हा उभी राहते. कारण उघड आहे. शब्दमर्यादा २००० असते आणि अंतिम तारीख डोक्यावर असते. आपल्याही स्पर्धेतल्या निम्म्याहून अधिक कथा शेवटच्या दोन दिवसांत आल्या, असे कार्यालयातून कळले. शिवाय लेखकाच्या नजरेसमोर वाचक नसतो, गठ्ठा उपसून दमलेला परीक्षक असतो. तो कंटाळण्याच्या आत त्याला पकडले पाहिजे, या भीतीने पहिले वाक्य लिहिले जाते.

या बाबतीत मी स्वतः दोषी आहे, म्हणून थोडे घरचे सांगतो.

१९९३ साली मी नुकताच एम. ए. झालो होतो. एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेची जाहिरात पाहिली. मर्यादा २००० शब्दांची. माझ्याजवळ एक कथा लिहून तयार होती, ती साडेतीन हजारांच्या आसपास होती. ती माझ्या आत्याची कथा. आमची जमीन हिंगोलीकडची. १९५६ साली मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, नात्यातली पुष्कळ माणसे तिकडे गेली आणि आमचे घर इथेच राहिले. पुढे आजोबा वारले, जमिनीचा प्रश्न निघाला आणि हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी आत्या एकटीच काचीगुड्याहून मनमाडच्या मीटरगेज गाडीने निघाली. हिंगोलीला जायचे तर पूर्णा जंक्शनवर गाडी बदलावी लागे. पुढच्या गाडीला पाच तास होते. ते पाच तास तिने मला पुढे केव्हातरी, भाजी निवडता निवडता, तपशीलवार सांगितले होते आणि माझ्या कथेत त्यांना पाच पाने होती. त्या पानांत काही घडत नव्हते. ती लोखंडी ट्रंकेवर बसते. नळावरून तांब्या भरून आणते. दशम्यांचे फडके सोडते आणि न खाता पुन्हा बांधते. हमाल दोनदा येऊन विचारतो, बाई, कुठं जायचं. तिसऱ्यांदा ती आपण होऊन त्याला बोलावते आणि हैदराबादकडे परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारते.

शब्दमर्यादेत बसवायला मी ही पाच पाने काढली. त्या जागी एक वाक्य घातले: ‘पूर्णेला गाडी बदलून ती हिंगोलीला पोहोचली.’ शेवटी ती सही करते. कथेला दुसरे पारितोषिक मिळाले. दीडशे रुपये, प्रशस्तिपत्र, आणि परीक्षकांच्या शेऱ्यात ‘अनपेक्षित शेवट’ अशी वाहवा. अंक घरी आला तेव्हा आत्याने तो चष्मा लावून, सावकाश वाचला. म्हणाली, “छान लिहिलंयस. फक्त तुझ्या गोष्टीत मी फार लवकर सही केली रे.”

ती सही माझ्या वडिलांच्या लाभाची होती, हे इथे सांगितलेच पाहिजे. आमच्या घरात आत्याचा त्याग हा नेहमीच कौतुकाने सांगितला जाई. पूर्णेला ती परत फिरणार होती का, हे मी मूळ कथेतही लिहिले नव्हते, कारण मला ते ठाऊक नव्हते. पण वाचणाऱ्याला तो प्रश्न पडण्याइतकी जागा तिथे होती. पाने काढली आणि प्रश्नही गेला. उरली ती आमच्या घराला सोयीची, उदार बहीण. मी समजत होतो की मी फक्त शब्द कमी केले. परीक्षकांना जो शेवट अनपेक्षित वाटला, तो तसा वाटला याचे कारण त्याच्याआधीची सगळी अपेक्षा मी खोडून टाकली होती. दुर्दैव असे की काटछाट मी मूळ कागदांवरच केली होती आणि सुवाच्य प्रत तयार झाल्यावर ते कागद टाकून दिले. आत्या २००४ साली गेली. त्यानंतर दोनदा मी ती पाने पुन्हा लिहायला बसलो. ट्रंक आठवते, नळ आठवतो. हमालाला ती नेमके काय आणि कशी म्हणाली, ते आता आठवत नाही.

म्हणून आपल्यातल्या लिहिणाऱ्यांना पहिली विनंती अशी की मोठा मसुदा जपून ठेवा, काटछाट त्याच्या नकलेवर करा. आज संगणकावर हे करणे फुकटचे आहे, आणि तरीही माझे विद्यार्थी जुनी प्रत पुसूनच पुढे जातात. दुसरे असे की २००० शब्दांत बसवायचे म्हणजे प्रत्येक परिच्छेदातून दोन-दोन वाक्ये उपटायची, ही समजूत सोडा. तसे केल्याने कथा आटोपशीर होत नाही. तिला धाप लागते. एखादे पात्र समूळ काढता येते का ते पाहा. दोन प्रसंगांचे काम एकात होते का ते पाहा. पूर्वेतिहासाचा परिच्छेद तर नव्वद टक्के वेळा जातो आणि कोणी विचारीत नाही. हे करून जे उरेल, त्याला हवा तेवढा श्वास घेऊ द्या. आणि कथा खरोखरच साडेतीन हजारांची असेल, तर ती या स्पर्धेची नाही. तिला तिच्या मापाचे मासिक किंवा दिवाळी अंक शोधा. जी. ए. कुलकर्ण्यांनी ‘काजळमाया’तल्या दीर्घ कथाही लिहिल्या आणि ‘सांजशकुन’मधल्या छोट्या रूपककथाही. एकाच हातातून आलेल्या या कथांची लांबी बाहेरून कोणी ठरवून दिलेली नव्हती.

लिहून झाल्यावर कथा मोठ्याने वाचावी. २००० शब्दांना मला सावकाश वाचताना सुमारे वीस मिनिटे लागतात. वाचताना जिथे आपलीच जीभ पुढे पळू लागते, तिथे एक तर मजकूर जास्त आहे किंवा लिहिणाऱ्यालाच त्यात रस नव्हता. घरातल्या कोणाला तरी ऐकवावे. ऐकणारा पाणी प्यायला कधी उठतो, यावर लक्ष ठेवावे.

संथ लिहिण्याची परंपरा आपल्याला बाहेरून आणायची नाही. दिवाकर कृष्ण याच शहरात वकिली करीत होते. १९७३ साली ते गेले. त्यांना पाहिलेली माणसे आता मोजकीच उरली असतील. त्यांची ‘अंगणातला पोपट’ ही कथा १९२२ साली ‘मासिक मनोरंजन’मध्ये आली. त्या काळी ‘मनोरंजन’च्या वाचकाला वि. सी. गुर्जरांच्या ‘संपूर्ण गोष्टी’ची गोडी लागलेली होती. त्यात गैरसमज असत, योगायोग असत, घटनांची रेलचेल असे आणि शेवटी सारे धागे जुळून येत. त्यात मौज होतीच, मी ती नाकारीत नाही. दिवाकर कृष्णांनी घटना कमी केल्या आणि मनाच्या हालचालींना जागा दिली. १९२७ साली ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा संग्रह निघाला. आयुष्यभरात त्यांनी मोजकेच संग्रह दिले. मराठी भावकथेची वाट मात्र तिथून सुरू होते, असे समीक्षक मानतात. आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत ती पुस्तके असतात आणि काही वेळा देवघेवीच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे शिक्का पडलेला नसतो. तशी एखादी कथा आजच्या स्पर्धेत, अनोळखी नावाने आली असती, तर दुसऱ्या पानावर माझी पेन्सिल काय करती झाली असती, याची मला खात्री देता येत नाही.

नावावरून आठवले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नीकडून कथा लिहून घेतली होती. जगद्विख्यात शास्त्रज्ञाला आपल्या कथेचे मोल नावाशिवाय कळावे असे वाटले, हे मला फार मोलाचे वाटते. स्पर्धेचा खरा उपयोग एवढाच आहे: ज्याला तुमच्याविषयी काहीही ठाऊक नाही, असा एक माणूस तुमची कथा शेवटपर्यंत वाचण्याला बांधलेला असतो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्याला असा वाचक सहजी मिळत नाही. नातेवाईक कौतुक करतात, मुले वाचू शकत नाहीत आणि पुण्या-मुंबईच्या संपादकांचे उत्तर यायचे तेव्हा येते. त्यामुळे स्पर्धेला जरूर पाठवावे. नियम मात्र नीट वाचावेत: अप्रकाशित म्हटले असेल तर अप्रकाशितच, एका वेळी एकाच ठिकाणी, नाव-पत्ता स्वतंत्र कागदावर. यंदा तिघांनी कथेच्या शेवटी सही केली होती आणि एकाने छायाचित्रही जोडले होते.

बक्षीस हा त्या वाचनाचा निष्कर्ष असतो असे मात्र समजू नये. वाचणाऱ्यालाही गती असते आणि ती चुकते. आता ज्या कथेसाठी मी हे सारे बोललो, ती सांगतो आणि थांबतो. दुकान कायमचे बंद करण्याच्या दिवशी पुस्तकबांधणी करणारा एक म्हातारा दिवसभर एकच पुस्तक बांधतो, अशी एक कथा आपल्या स्पर्धेत आहे. दोन पाने तो नुसते फर्मे शिवतो, खळ शिजवतो, पुठ्ठा कापून पुन्हा मापतो. पुस्तक कोणाचे, हे आपल्याला शेवटपर्यंत सांगितलेले नाही. रात्री साडेअकराला, त्या दिवशीची नववी कथा म्हणून मी ती वाचायला घेतली आणि समासात ‘फार संथ’ असे लिहून बाजूला ठेवली. पुढे ते कागद माझ्या सहपरीक्षकांकडे गेले. त्यांनी ते परत पाठवले तेव्हा माझ्या शेऱ्याखाली त्यांच्या अक्षरात लिहिले होते, ‘सकाळी वाचावी.’ मी सकाळी वाचली. खळ थंड होईपर्यंत तो खिडकीपाशी जाऊन उभा राहतो, तिथे मला पूर्णेचे फलाट दिसले. मी माझे गुण बदलले. तरी तिघांच्या बेरजेत ती कथा उत्तेजनार्थ पारितोषिकापर्यंतच पोहोचली. बेरजेचा नियम आम्हीच मान्य केला होता, तेव्हा निकाल योग्यच आहे, आणि पहिल्या तिघांचे यश मला कमी लेखायचे नाही. तरी माझ्या मनातला क्रम वेगळा आहे, हे त्या लेखिकेला इथे सर्वांसमक्ष सांगणे मला आवश्यक वाटले. मघाशी चहाच्या वेळी त्या मला विचारीत होत्या की सुरुवातीची दोन पाने कमी करून कथा दिवाळी अंकाकडे पाठवू का. बाई, पाठवा, पाने कमी करू नका.

सर्व हस्तलिखिते कार्यालयात ठेवली आहेत, ती आपापली घेऊन जावीत. समासातले पेन्सिलचे शेरे माझे आहेत, शाईचे सहपरीक्षकांचे. ज्यांना माझे शेरे पटणार नाहीत त्यांनी अवश्य भांडावे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथे वाचन कक्षातच असतो.